कोंबडी अचानक आजारी पडली तर: औषधाआधी काय करायचं

खुराड्याचं दार उघडलं की आमच्या कोंबड्या एकमेकींना ढकलत बाहेर येतात. गेल्या आषाढात एका सकाळी आठ आल्या, तांबडी आली नाही. वाकून पाहिलं तर कोपऱ्यात पिसं फुलवून, शेपटी खाली टाकून, डोळे अर्धवट मिटून उभी. आदल्या संध्याकाळी तिनं माझ्या हातातला भात खाल्ला होता. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "मरायच्या आत कापून टाक गो."

आमच्या संगमेश्वर तालुक्यात हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्यात काकूंची काही चूक नाही. कोंबडीला दवाखाना असतो हेच बऱ्याच घरांत कुणाला माहीत नसतं. पण परसातल्या कोंबड्यांचे बरेच आजार घरी पहिले काही तास नीट सांभाळले तर सावरतात. जे सावरत नाहीत, तेही लवकर ओळखले तर बाकीच्या कोंबड्या वाचतात.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कोंबडी 'अचानक' आजारी पडलेली फार कमी वेळा असते. ती आजार लपवते. कळपात कोण आधी खाणार, कोण कुणाला टोचणार याची उतरंड ठरलेली असते, आणि जी कमजोर दिसेल तिच्यावर बाकीच्या तुटून पडतात. घार, मुंगूसही तिलाच हेरतात. म्हणून अंगात बळ आहे तोवर ती दाणे टिपल्याचं सोंग करते, सगळ्यांबरोबर उकिरडा उकरते. पिसं फुलवून एका जागी उभी राहिलेली कोंबडी दिसली, म्हणजे तिचं लपवण्याचं बळ संपलंय. आजार दोन-चार दिवसांचा असू शकतो, आपल्याला तो आज दिसला इतकंच. त्यामुळे "उद्यापर्यंत बघू" म्हणायला हातात वेळ थोडा असतो.

मात्र एक खात्री करून घ्या. खुडूक झालेली कोंबडीही दिवसभर एका जागी पिसं फुलवून बसते, नीट खात नाही, जवळ गेलं की फिस्कारते. तिला उचलून बाहेर ठेवा. आजारी नसेल तर ती रागानं कुडकुडत धावते, पटापट दाणे टिपते, एकदाच भली मोठी शीट टाकते आणि परत जागेवर जाते. तिला औषध नको, हवं तर रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवा. पिसं झडायच्या दिवसांतही कोंबड्या मलूल वाटतात, तुरा फिका पडतो, अंडी थांबतात. खाणंपिणं आणि चाल ठीक असेल तर घाबरायचं कारण नाही.

पहिला तास: वेगळी, उबदार, ओली चोच

आजारी वाटली की तिला बाकीच्यांपासून बाजूला काढा. डालग्याखाली अंगणातच झाकून ठेवणं पुरेसं नाही, कारण बाकीच्या येऊन टोचतात आणि रोग साथीचा असेल तर एकाच मातीवर सगळ्या फिरतात. घराच्या दुसऱ्या बाजूला, पडवीत किंवा मांगरात, पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्या. खाली जुनं सुती कापड किंवा कागद अंथरा. तूस नको, शीट कशी पडतेय हे आपल्याला पाहायचंय, आणि तुसात ती दिसत नाही.

मग ऊब. कोंबडीच्या अंगाचं तापमान निरोगी असतानाच ४१ ते ४२ अंश सेल्सियस असतं, म्हणजे माणसाला ज्याला कडक ताप म्हणू तितकं. ते टिकवायला ती सतत खाणं जाळत असते. आजारी कोंबडी खात नाही, मग अंग गरम ठेवायला स्वतःची चरबी आणि मांस जाळते. बाहेरून ऊब दिली की तेवढं बळ आजाराशी झगडायला उरतं. खोक्यात २७ ते ३० अंश असावेत. जुन्या पद्धतीचा ४० किंवा ६० वॅटचा पिवळा बल्ब एका टोकाला लावा. एलईडी बल्ब यासाठी निरुपयोगी आहे, तो उजेड देतो, ऊब देत नाही. अनेक घरांत इथंच फसगत होते. बल्ब नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा आणि गार झाली की बदला. खोक्याचं दुसरं टोक थंड राहू द्या, म्हणजे उकडलं तर तिला तिकडे सरकता येईल. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागली, तर ऊब जास्त झालीय.

तिसरं पाणी. इथं मला थांबून सांगायचंय, कारण यात माझ्याच हातून एक तलंग, म्हणजे नुकती अंड्यावर येणारी तरुण कोंबडी, गेली. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. ती पाणी पीत नव्हती म्हणून मी चोच उघडली आणि चमच्यानं पाणी आत ओतलं. घशातून गुळगुळ आवाज आला, तिनं मान झटकली आणि दोन-तीन मिनिटांत माझ्या मांडीवर मान टाकली. नंतर डॉक्टरांनी एका धडधाकट कोंबडीची चोच उघडून मला दाखवलं. जीभ त्रिकोणी, बाणाच्या टोकासारखी. तिच्या अगदी मुळाशी एक उभी फट असते आणि ती श्वासागणिक उघडते-मिटते. तेच श्वासनलिकेचं तोंड. आपल्या घशात गिळताना श्वासनलिकेवर पडणारं झाकण असतं, तसं कोंबडीला नसतं. अशक्त कोंबडीच्या तोंडात ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट फुप्फुसात जातं.

म्हणून पाणी ओतायचं नाही. बोट किंवा ड्रॉपर पाण्यात बुडवून चोचीच्या कडेला, जिथं वरची आणि खालची चोच मिळते, तिथं एक थेंब लावायचा. थेंब आत ओढला जातो, ती चोच हलवून गिळते. गिळल्याचं दिसलं की पुढचा थेंब. अर्धा-एक तासानं पुन्हा. मान धरवत नसेल, गिळत नसेल, तर तोंडाने काहीही देऊ नका. ती अवस्था डॉक्टरांची आहे.

पाण्यात माणसांचं ओआरएस चालतं. पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात, एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्ये, कालवा आणि दिवसाकाठी नवं करा. शेजारी साध्या पाण्याची वाटीही ठेवा. धडधाकट कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, यावरून अंदाज येईल. खाण्याची घाई नको. पाणी पिऊन जरा सावध झाली की भिजवलेलं खाद्य किंवा कुस्करलेलं उकडलेलं अंडं थोडंसं समोर ठेवा. कोंबडीला अंडं द्यायचं कसं म्हणून काहींना संकोच वाटतो, पण पचायला हलकं आणि बळ देणारं दुसरं इतकं सोपं घरात काही नसतं.

हात लावून पाहणं

आता तपासणी. तिला मांडीवर घ्या, पंख अंगाशी धरा, डोक्यावर फडकं टाका. अंधार झाला की कोंबडी शांत होते.

मानेच्या पायथ्याशी, छातीच्या जरा उजवीकडे बोटं फिरवा. तिथं दाण्यांची पिशवी असते. गिळलेलं आधी तिथं साठतं आणि मग हळूहळू पुढे जातं. संध्याकाळी ती लिंबाएवढी भरलेली असते, पहाटे रिकामी, हाताला जेमतेम लागणारी. सकाळी खुराड्यातून काढलेल्या कोंबडीची पिशवी भरलेली लागली तर माल अडकलाय. कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट असेल तर लांब गवत, सुतळी, प्लास्टिक गिळलेलं असू शकतं. पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत आणि तोंडाला आंबूस वास असेल तर आतला माल आंबून बुरशी वाढलीय. दोन्हीत दाणे बंद, पाणी थेंबाथेंबानं चालू, आणि दिवसातून तीन-चार वेळा पिशवी हलक्या हातानं चोळायची. घट्ट असेल तर दोन-चार थेंब खाद्यतेल उपयोगी पडतं. कोंबडी उलटी धरून पिशवी पिळायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती करू नका. वर सांगितलेली श्वासनलिकेची फट आठवा.

मग छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं टोचत असेल तर आजार आजचा नाही, कित्येक आठवड्यांचा आहे. जंत हे त्याचं नेहमीचं कारण. पंखांखाली आणि शेपटीखाली पिसं विस्कटून उवा, पिसवा बघा. तुरा आणि चोचीखालचं लोंबतं मांस लाल हवं. फिकट पांढरं म्हणजे अंगात रक्त कमी. निळं-जांभळं म्हणजे श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडलंय, आणि ही निकड आहे.

शीट बघायची कुणाला हौस नसते, पण कोंबडीच्या बाबतीत सगळ्यात जास्त माहिती तीच देते. चांगली शीट करडी-तपकिरी, घट्ट, वर पांढरी टोपी असलेली. दिवसातून काही वेळा चॉकलेटसारखी चिकट, घाण वासाची पडते, तीही नेहमीचीच. नुसतं हिरवट पाणी म्हणजे पोटात काही नाही, पित्तच उतरतंय, किंवा पुढे सांगितलेली मानमोडी. आणि रक्त दिसलं, विशेषतः दीड-दोन महिन्यांच्या पिल्लांत, तर बहुधा कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवींचा रोग. पावसाळ्यात ओल्या तुसात हे परजीवी एक-दोन दिवसांत रोग पसरवायला तयार होतात. त्यावर औषध आहे, अँप्रोलियम किंवा सल्फाचं, ते डॉक्टरांकडून प्रमाण विचारून त्याच दिवशी सगळ्या पिल्लांच्या पाण्यात सुरू करावं. त्याबरोबर खुराड्यातलं ओलं तूस झाडून काढून कोरडं घातलं नाही, तर औषध थांबताच रक्त पुन्हा दिसतं.

तांबडीचं काय झालं

तांबडीची पिशवी रिकामी होती, तुरा लाल, शीट नव्हतीच. ती ताठ उभी राहून कुंथत होती. मांड्यांच्या मध्ये, गुदद्वाराच्या खाली पोटाला बोटं लावली तर आत गोल, टणक काहीतरी लागलं. अंडं अडकलं होतं.

एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले जवळपास २० तास नुसतं कवच चढायला. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून तेवढं मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही आकुंचनासाठी कॅल्शियमच लागतं. म्हणजे कॅल्शियम कमी पडलं की कवच मऊ होतं आणि ते मऊ अंडं ढकलायचं बळही जातं. तलंगीचं पहिलं अंडं, फार मोठं अंडं, अंगावरची चरबी ही बाकीची कारणं.

घमेल्यात कोमट पाणी घेतलं, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघतात तसं बघून. तांबडीला पोटापर्यंत त्यात बसवलं, वीस मिनिटं. पहिली दोन मिनिटं धडपडली, मग डोळे मिटून शांत बसली. नंतर टॉवेलनं नीट कोरडी केली, कारण ओली कोंबडी गारठली की केलेलं वाया जातं. गुदद्वाराला व्हॅसलीन लावलं आणि खोक्यात बल्बजवळ, वरून चादर टाकून अंधारात ठेवलं. डॉक्टरांना फोन करून द्रव कॅल्शियमचं प्रमाण विचारलं आणि तेवढं थेंबाथेंबानं दिलं. दुपारी पुन्हा तेच. पोट दाबलं नाही. दाबून अंडं आत फुटलं तर कवचाच्या धारदार कपच्या आतडी आणि अंडनलिका फाडतात. साडेचारच्या सुमाराला चादर उचलली तेव्हा कापडावर अंडं पडलेलं होतं. कवच खरखरीत, एका बाजूला कागदासारखं मऊ. तांबडी वाटीतलं पाणी पीत होती.

त्या दिवसापासून आमच्याकडे तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) कवचं फेकत नाहीत. धुवून, वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवतो. जिला हवं ती कोंबडी खाते. खाद्यात मिसळायची गरज नसते. हे सगळं करून २४ तासांत अंडं आलं नाही, किंवा कोंबडी त्याआधीच मान टाकायला लागली, तर दवाखाना गाठा.

मे महिन्याचा प्रकार वेगळा. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२-४३ वर गेला की पंख अंगापासून दूर धरून, चोच वासून कोंबड्या बसतात आणि कोलमडतात. तिथं बल्ब नको. सावलीत घ्या, पाय आणि पोट साध्या पाण्यात बुडवा, बर्फाच्या नव्हे, आणि ओआरएस द्या. पंधरा-वीस मिनिटांत फरक दिसतो.

मानमोडी

आता ज्याच्यापुढे घरचे उपाय थांबतात ते. आपल्याकडे परसातल्या कोंबड्या सगळ्यात जास्त मारणारा रोग म्हणजे राणीखेत. १९२०च्या दशकात कुमाऊंमधल्या राणीखेत इथं भारतात तो नोंदला गेला म्हणून हे नाव. जगभर तो इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराच्या नावानं ओळखला जातो. आपल्या लोकांनी ठेवलेलं नाव मात्र लक्षणच सांगतं: मानमोडी. हिरवट-पांढरी पातळ हगवण, श्वासाची घरघर, मग पंख लुळे, मान पिळवटून पाठीवर किंवा पायांमध्ये जाते, कोंबडी गोल गोल फिरते. एक पडते, दोन-तीन दिवसांत चार, आठवड्यात खुराडं रिकामं.

हा विषाणू आहे. त्यावर औषध नाही. हळद, लसूण, कांदा देतात. त्यानं अपाय होत नाही, पण विषाणू मरत नाही. प्रतिजैविकांनीही मरत नाही. मान वाकडी झालेली प्रत्येक कोंबडी मानमोडीचीच असते असंही नाही. सडलेलं मेलेलं जनावर किंवा त्यातल्या अळ्या खाल्ल्या तर विषबाधेनं मान पिळवटत नाही, चिंध्यांसारखी लोळते, आधी पाय जातात. ती एखाद-दोघींपुरती राहते आणि सांभाळून पाणी दिलं तर काही वाचतात.

मानमोडी एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाते ती बहुतेकदा आपल्याच हातानं. कोंबड्या मलूल दिसू लागल्या की घाईघाईनं आठवडी बाजारात नेऊन विकल्या जातात. घेणारा त्या आपल्या खुराड्यात सोडतो. मेलेली कोंबडी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकली जाते, पिसं-आतडी उकिरड्यावर. चार पैसे वाचवायला विकलेली ती एक कोंबडी दुसऱ्या कुणा बाईच्या अंड्यांचे वर्षभराचे पैसे बुडवते. हे मी पाहिलंय आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तसंच, बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवल्याशिवाय कळपात सोडू नका.

उपाय लशीचा. पिल्लं पहिल्या आठवड्यात असताना लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि साधारण आठव्या आठवड्यात त्याच रोगाच्या आर-टू-बी लशीचं इंजेक्शन. अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात आणि एकदा कालवलं की तास-दोन तासांत संपवावं लागतं. आठ-दहा कोंबड्यांसाठी कुणी बाटली फोडत नाही. म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एक दिवस ठरवायचा. लस बर्फात आणायची, उन्हात पिशवीत नाही. आणि आजारी कोंबडीला लस टोचायची नाही. लस ही निरोगी कोंबडीसाठी असते.

मानमोडीशी मिळताजुळता दिसणारा, पण माणसालाही होऊ शकणारा रोग म्हणजे बर्ड फ्लू. देशातली त्याची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आली. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात आला. एकाच दिवशी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, डोकी सुजली, किंवा आसपास कावळे मरून पडताहेत असं दिसलं, तर हात लावू नका, कापू नका, खाऊ नका, विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि ग्रामपंचायतीला कळवा. एरवीही आजारी कोंबडीचं सगळ्यात शेवटी करा, आणि नंतर हात साबणानं धुवा.

डॉक्टर कधी, औषध किती

चोच उघडी ठेवून श्वास, निळा तुरा, मुंगसानं धरल्याची जखम, मान धरवत नाही, रक्ताची शीट, दिवसभरात पाण्याचा थेंब घेतला नाही: यात वाट पाहू नका. तालुक्याचा सरकारी दवाखाना कोंबड्याही पाहतो. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची माहिती मिळते. फोनवर नुसतं "कोंबडी मलूल आहे" म्हणण्यापेक्षा वय, कधीपासून, शीट कशी, पिशवी भरलीय का, किती कोंबड्यांना झालंय एवढं सांगा, आणि शीटेचा फोटो पाठवा. अर्धं निदान त्यातच होतं.

घरात उरलेल्या माणसांच्या किंवा म्हशीच्या गोळ्या चुरून देऊ नका. दीड किलोच्या जिवाला प्रमाण चुकतं. शिवाय कोंबडीच्या पोटातलं प्रतिजैविक अंड्यात उतरतं आणि ते अंडं आपली पोरं खातात. कोलिस्टिन नावाचं औषध कोंबड्यांना सर्रास दिलं जायचं. माणसांसाठीचा तो शेवटचा आधार निकामी होऊ नये म्हणून सरकारनं २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. डॉक्टरांनी औषध दिलं तर विचारा की अंडी किती दिवस खायची नाहीत, आणि तेवढे दिवस ती पुरून टाका.

कधी कधी सगळं करूनही कोंबडी जाते. एकीनंतर दुसरी आजारी पडत असेल तर मेलेली कोंबडी वाया घालवू नका. दोन पिशव्यांत बांधून बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पोट उघडून पाहिलं की बाकीच्यांना काय होऊ शकतं हे बऱ्याचदा कळतं. गरज पडली तर नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात. तशी गरज नसेल तर विहीर आणि पऱ्यापासून लांब, गुडघ्याहून खोल खड्डा घ्या, खाली-वर चुना टाका, माती दाबा आणि वर जड दगड ठेवा. नाहीतर रात्री कुत्री उकरतात.